दीक्षाभूमीची वाट आणि लेकरांचं पोट

दसऱ्याला धुळे-जळगावहून जीप भरून आपण नागपूरला निघतो. भुसावळ, मलकापूर, अकोला, अमरावती... रात्रभराचा रस्ता, मांडीवर लेकरं. निळा झेंडा आठवणीने बांधतो. ओआरएसची पुडी मात्र घरीच राहते.

वाटेत जुलाब लागले की "पाणी पाजू नका, अजून होतील" असं कुणीतरी म्हणतंच. ऐकू नका. अंगातलं पाणी आटलं की लेकराच्या जिवावर बेततं. आशाताईंकडून पुडी आधीच मागून घ्या. 1 लिटरची पुडी 1 लिटर स्वच्छ पाण्यातच, सगळी एकदम. ग्लासात अंदाजाने नको. चमच्याचमच्याने पाजा. 24 तासांनी उरलेलं फेका. अंगावरचं दूध चालूच ठेवा. लेकरू सुस्त झालं, डोळे खोल गेले, तर नागपूर राहू द्या. जीप जवळच्या सरकारी दवाखान्याकडे वळवा.