प्रार्थना ऐकून टरकायला होतं तेव्हा!

थ्रिलर बघताना टरकलात की काय करता? डोळ्यांवर हात, बरोबर? पण खरी भीती शिरते कानांतून, बॉस! पटत नसेल तर रिचर्ड डॉनरचा 'द ओमेन' (१९७६) लावा. पडद्यावर दिसतो गोबऱ्या गालांचा डेमियन. घाम फोडतो तो मागचा कोरस!

संगीतकार जेरी गोल्डस्मिथने सॉलिड आयडिया लढवली. चर्चमधल्या लॅटिन प्रार्थनेचे शब्द त्याने उलटे फिरवले आणि देवाऐवजी सैतानाचा जयजयकार केला. गाण्याचं नाव 'आवे सातानी'. आधी खालच्या पट्टीतले दबके आवाज, मग ऑर्केस्ट्रासकट अख्खा कोरस अंगावर येतो. लॅटिन कळत नाही? काही बिघडत नाही. ढंग प्रार्थनेचा, म्हणून मन जरा सैल पडतं आणि तिथेच हे संगीत आपल्याला गाठतं.

गोल्डस्मिथला आयुष्यभरात ऑस्करची तब्बल १८ नामांकनं मिळाली. बाहुली हाती लागली एकदाच, १९७७मध्ये, याच संगीतासाठी.

या वीकेंडला एखादा सीन आधी म्यूट करून बघा, मग हेडफोन लावून. फरक आपोआप कळेल. दिवा मात्र चालू ठेवा!