आपला इतिहास, आपला कॅमेरा : चित्रणाच्या साधनांची निवड

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्या दिवशी आईवडिलांचे बोट धरून मैदानावर गेलेले दहा वर्षांचे मूल आज ऐंशीच्या आसपास पोहोचले आहे. जरीपटका, इंदोरा आणि कामठी मार्गावरील वस्त्यांतील वडीलधाऱ्या पिढीजवळ या काळाच्या ज्या आठवणी आहेत, त्या चित्रित कराव्यात, त्यांवर एखादा माहितीपट करावा, असे आपल्या अनेक तरुणांना वाटते. अशा वेळी पहिला प्रश्न हमखास निघतो : कॅमेरा कोणता घ्यावा? वास्तविक हा प्रश्न शेवटचा आहे. हे चित्रण कोण पाहणार आणि ते किती वर्षे टिकले पाहिजे, हे दोन प्रश्न त्याआधीचे आहेत. त्यांची उत्तरे निश्चित झाली की कॅमेऱ्याची निवड बरीच सोपी होते.

टिकण्याचे मोल किती असते, याचे उदाहरण आपल्या चळवळीच्या इतिहासातच आहे. आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवर ‘हमारा शहर’ हा माहितीपट १६ मिलिमीटर फिल्मवर केला. त्यात शाहीर विलास घोगरे यांचे गायन आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे बळी गेले आणि चारच दिवसांनी, या घटनेने विदीर्ण झालेल्या घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पुढे चौदा वर्षांच्या चित्रणातून पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) उभा राहिला. त्यात घोगरे पुन्हा गाताना दिसतात, कारण जुनी फिल्म सांभाळून ठेवलेली होती. शाहीर गेले, पण त्यांचा आवाज आणि चेहरा साक्षीला उरला.

फिल्मची पट्टी उजेडासमोर धरली तरी चित्र डोळ्यांना दिसते. चुंबकीय फीत आणि संगणकीय फाईल यांचे तसे नाही. त्या वाचणारे यंत्र आणि आज्ञावली उपलब्ध असेल, तोवरच त्या बोलतात. १९९५ मध्ये ‘डीव्ही’ हा प्रकार आला आणि त्याच्या लहान मिनीडीव्ही कॅसेटमुळे थोड्या पैशांत माहितीपट करणे शक्य झाले. पण आज ती कॅसेट चालवणारा कॅमेरा शोधावा लागतो. व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणून आपल्या घरी लग्नांच्या, जयंतीच्या मिरवणुकांच्या किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेटी असतील, तर नवा कॅमेरा घेण्याआधी त्यांची संगणकीय प्रत करून घ्यावी. एका तासाच्या मिनीडीव्ही कॅसेटची मूळ दर्जाची प्रत सुमारे १३ गिगाबाइट जागा घेते. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हे ओझे क्षुल्लक आहे.

आता रेकॉर्डिंगच्या प्रकाराविषयी, म्हणजे ज्याला आपण ‘फॉरमॅट’ म्हणतो त्याविषयी. कॅमेरा दर सेकंदाला पंचवीस किंवा अधिक चित्रे टिपतो. ती सर्व जशीच्या तशी साठवली तर कार्ड काही मिनिटांत भरेल, म्हणून ती दाबून लहान केली जातात. दाबण्याच्या या पद्धतीला ‘कोडेक’ म्हणतात. एच.२६४ आणि त्यानंतरचा एच.२६५ हे कोडेक एक चित्र पूर्ण साठवतात आणि पुढच्या चित्रांत बहुतांशी बदललेला भागच नोंदवतात. त्यामुळे फाईल लहान होते, मात्र संपादनाच्या वेळी संगणकाला अधिक कष्ट पडतात. प्रोरेससारख्या कोडेकमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्र असते. संपादन सुलभ होते, पण फाईल फार मोठी होते. सेकंदाला ५० मेगाबिट वेगाने केलेले एक तासाचे चित्रण सुमारे २२.५ गिगाबाइट होते आणि १०० मेगाबिटने ४५ गिगाबाइट. फोर-के दर्जाचे प्रोरेस ४२२ घेतले, तर तोच तास २२० गिगाबाइटच्या घरात जातो. वीस वृद्धांच्या दोन-दोन तासांच्या मुलाखती घ्यायच्या, तर या आकड्यांना चाळीसने गुणून पाहावे. साठवणे परवडणार नसेल, तर तो प्रकार कितीही उत्तम असला तरी आपल्यासाठी योग्य नव्हे. मुलाखतींसाठी १०० मेगाबिटचे एच.२६४ पुरेसे आहे. ते आज जवळजवळ प्रत्येक संगणकावर उघडते आणि व्यापक वापरामुळे पुढेही दीर्घकाळ उघडण्याची शक्यता अधिक आहे.

कॅमेऱ्याची खरी कसोटी दीक्षाभूमीवर लागते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी ऊन लख्ख असते, स्तूप पांढरा, उपासक-उपासिकांची वस्त्रे पांढरी आणि उन्हात राबलेले चेहरे सावळे. कॅमेरा स्वयंचलित ठेवला तर तो त्या पांढऱ्याला सावरण्यासाठी उजेड कमी करतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. चेहरे उजळ करावेत, तर वस्त्रांच्या चुण्या नाहीशा होऊन नुसता पांढरा डाग उरतो. अंधारापासून प्रखर उजेडापर्यंतचा तपशील एकाच वेळी धरण्याची कॅमेऱ्याची क्षमता, म्हणजे ‘डायनॅमिक रेंज’, येथे महत्त्वाची ठरते. छायाचित्रणाची साधने कोणाच्या त्वचेला प्रमाण मानून घडली, हाही प्रश्न यात आहे. कोडॅक कंपनीची रंग जुळवण्याची कार्डे कित्येक वर्षे गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्रावर आधारलेली होती. म्हणून कॅमेरा घेताना दुकानातील झगमगत्या चित्रफितीवर विसंबू नये. आपल्याच माणसाला पांढऱ्या वस्त्रात, उन्हात उभे करून चाचणी घ्यावी. दहा बिट नोंदणीची सोय असल्यास उत्तम. आठ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, दहा बिटमध्ये १०२४. चेहऱ्यावरील छायाप्रकाश नंतर सुधारताना हा फरक जाणवतो.

आणखी दोन गोष्टी खर्चाशिवाय साधतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणून चित्रगती सेकंदाला २५ आणि शटर १/५० ठेवावे, अन्यथा घरातील ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लुकलुकते. मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांनी तर हे आवर्जून पाहावे. बहुतेक मोबाईल आपोआप ३० ची गती धरतात आणि तीही कमीजास्त होत राहते, त्यामुळे लांब मुलाखतीत वेगळा टिपलेला आवाज आणि ओठ यांचा मेळ सुटतो. गती स्थिर ठेवणारे ॲप वापरले, तर साधा मोबाईलही मुलाखतीला चालतो. दुसरी गोष्ट उष्णतेची. अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ४० अंश सेल्सिअसची मर्यादा दिलेली असते आणि नागपूरचा मे महिना ती सहज ओलांडतो. तेव्हा मुलाखती सकाळी घ्याव्यात आणि कॅमेरा सावलीत ठेवावा.

पैसे मोजके असतील तर आधी आवाजावर खर्च करावा. चित्र थोडे धूसर असले तरी प्रेक्षक सहन करतो, परंतु आजीचे शब्द पंख्याच्या घरघरीत बुडाले, तर साक्षच हरवते. छातीजवळ लावायचा साधा कॉलर माईक, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर मुद्रण करणारा छोटा रेकॉर्डर व भक्कम ट्रायपॉड ही सामग्री महागड्या लेन्सच्या आधी घ्यावी. कॅमेरा भाड्याने घेता येतो, मित्राकडून मागता येतो. एकदा खराब झालेला आवाज मात्र क्वचितच पूर्ण सुधारतो.

चित्रण संपले की जतनाचे काम सुरू होते. मूळ फाईलच्या तीन प्रती कराव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. हार्ड डिस्क कपाटात ठेवून विसरू नये, वर्षातून एकदा लावून फाईली उघडतात का ते पाहावे आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवाव्यात. फाईलच्या नावात व्यक्ती, ठिकाण आणि दिनांक असावा. बोलणाऱ्याची संमती त्याच वेळी कॅमेऱ्यासमोर घ्यावी आणि चित्रण कुठे दाखवले जाईल, हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावे. ज्यांनी आयुष्यभर इतरांनी लिहिलेला आपला इतिहास ऐकला, त्यांच्या शब्दांवर पहिला अधिकार त्यांचाच आहे.

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात अशा मुलाखतींसाठी एक कपाट राखता आले, तर पुढील तुकड्यांतील मुलांना आपल्या आजीआजोबांच्या पिढीचा इतिहास पुस्तकाबरोबरच त्यांच्या स्वतःच्या आवाजातही ऐकता येईल. नवनवे कॅमेरे दरवर्षी येतच राहतील. १९५६ चे मैदान पाहिलेले डोळे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. हाताशी जे साधन आहे, ते नीट समजून घेऊन याच वर्षी काम सुरू करावे.