मेजावरून खिशांत

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं आपल्या सुशिक्षित घरांतून संगणकाचा मोठा मान असे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत त्याचें स्वतंत्र मेज, धूळ बसूं नये म्हणून कापडी आच्छादन, आणि विचारल्याशिवाय हात लावूं नये अशी मुलांना ताकीद! आज तें मेज बहुधा रिकामें असून आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाच्या खिशांत एकेक छोटा संगणक आहे. हें स्थित्यंतर घडत असतां एका बलाढ्य कंपनीचा हिशेब कसा चुकला, ती हकीकत उद्बोधक असल्यामुळें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

संगणकाचें सारें गणित ज्या लहानशा चिपेंत चालतें तिला प्रोसेसर म्हणतात. अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें १९७१ सालीं ४००४ नांवाचा प्रोसेसर विक्रीस आणिला. १९८१ मध्यें आय.बी.एम.च्या व्यक्तिगत संगणकांत तिचाच प्रोसेसर बसला, आणि मेजावरचें राज्य तिच्या हातीं आलें. पुढें वेग हाच एक ध्यास! परंतु वेग वाढविला कीं वीज अधिक लागते, आणि त्या विजेची अखेर उष्णता होते. २००४ सालचे कांहीं पेंटियम ४ प्रोसेसर शंभर वॅटांहून अधिक, म्हणजे आपल्या जुन्या मोठ्या दिव्याहूनही जास्त वीज खात. त्याच वर्षीं ४ गिगाहर्ट्झ वेगाचा बेत कंपनीस सोडून द्यावा लागला.

उपाय घरांतच होता. इस्राएलमधील हैफा येथें तिच्याच अभियंत्यांनीं लॅपटॉपसाठीं घडविलेला पेंटियम एम २००३ सालीं बाजारांत आला होता. वेग बेताचा, पण थोड्या विजेंत तो पुष्कळ काम उरकी. त्याच परंपरेंतील कोअर २ हा प्रोसेसर २००६ मध्यें मेजावरही विराजमान झाला.

याहूनही मितव्ययी चिप इंग्लंडांत केंब्रिज येथें एकॉर्न कंपनीच्या सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनीं १९८५ सालींच केली होती. चिपेचें वेष्टन स्वस्त प्लॅस्टिकचें असावें, म्हणून ती तापतां कामा नये, एवढाच त्यांचा हिशेब. पहिल्या चाचणींत विजेचें मापयंत्र शून्य दाखवूं लागलें! पाहतात तों मुख्य वीज जोडलेलीच नाहीं; इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच चिप चालली होती. हीच पुढें आर्म नांवानें प्रसिद्ध झाली. फोनांत ना पंखा, ना मोठी बॅटरी. तेथें असाच अल्पाहारी पाहुणा परवडतो.

इंटेलजवळही आर्म पद्धतीचे प्रोसेसर होते. परंतु २००६ सालीं तिनें तो व्यवसाय मार्व्हेल कंपनीस साठ कोटी डॉलरांस विकून टाकिला. ॲपलनें आयफोनासाठीं विचारणा केली, तेव्हां देऊं केलेली किंमत परवडणार नाहीं म्हणून नकार गेला. खप अपेक्षेच्या शंभरपट झाला, अशी कबुली इंटेलचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनीं २०१३ सालीं दिली. २००८ पासून अ‍ॅटम प्रोसेसर पुढें करून कंपनीनें फोनांत शिरण्याची पुष्कळ खटपट केली. २०१६ मध्यें तीही आवरती घ्यावी लागली. पुढें २०२० सालीं ॲपलनें मेजावरच्या संगणकांतही आर्म पद्धतीचाच स्वतःचा प्रोसेसर बसविला!

ही चूक अज्ञानाची होती, असें आम्हांस वाटत नाहीं. मितव्ययाचें महत्त्व कंपनीला कळलें होतें. परंतु एका चिपेमागें भरपूर नफा मिळविण्याची सवय जडली असतां थोड्या नफ्याचा व्यवहार तिला क्षुल्लक भासला. केंब्रिजच्या मंडळींजवळ उधळण्यास कांहीं नव्हतें, म्हणून त्यांनीं काटकसर केली, आणि काळ त्याच काटकसरीला शोधीत आला. भरभराटीच्या दिवसांत लहान कामाला कमी लेखूं नये, हें आपल्या घरांतील वडीलधारी माणसें सांगत आलींच आहेत. कोट्यवधि डॉलरांच्या व्यापारालाही तोच नियम लागू पडावा, यांत नवल तें काय?