‘कमला’ आणि आपलं संमतीपत्र

संशोधनातली नैतिकता म्हटलं की आपण दोन गोष्टी पाठ करतो: चोरी करायची नाही आणि आकडे बनवायचे नाहीत. पेटच्या तयारीत मीही एवढंच पाठ केलं होतं. माझा विषय रसायनशास्त्र. नंतर विजय तेंडुलकरांचं ‘कमला’ वाचलं आणि हे किती अपुरं आहे ते कळलं.

१९८१ साली ‘इंडियन एक्सप्रेस’चे अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातून एक बाई २३०० रुपयांना विकत आणली. देशात बायकांची विक्री होते, याचा तो जिवंत पुरावा होता. त्या घटनेवरून तेंडुलकरांनी नाटक लिहिलं. (ते स्वतः अनेक वर्षं पत्रकारितेत होते, हे विसरू नका.) नाटकातला जयसिंग जाधव मात्र सरीन नव्हे, ते तेंडुलकरांचं पात्र आहे.

आता गंमत बघा. जयसिंगची बातमी खोटी नाही. बाजार खरा, विक्री खरी. त्यानं कमलाला अडीचशे रुपयांना आणलंय तेही खरं. म्हणजे सनसनाटी म्हणजे खोटं, हे आपलं सोपं समीकरण इथं चालतच नाही. बिघडतं ते दुसरीकडं. सरिता, म्हणजे त्याची बायको, कमलाला आंघोळ घालू म्हणते, तर हा नको म्हणतो. पत्रकार परिषदेत ती मळक्या, फाटक्या कपड्यांतच दिसली पाहिजे! तिला कुठं नेतोय, कशासाठी नेतोय, हे तिला सांगितलेलं नसतं. तिथं तिला अश्लील प्रश्न विचारले जातात आणि घरी येऊन हा ते हसत सांगतो. काम झाल्यावर तिची रवानगी आश्रमात.

समोर काकासाहेब आहेत, छोटं वृत्तपत्र चालवणारे जुने संपादक. इंग्रजीत लिहितोस, पण ज्यांच्याबद्दल लिहितोस त्यांना ते वाचता येतं का, हा त्यांचा रोख. मला नाटकातला सगळ्यात संशोधकी प्रश्न हाच वाटतो. अर्थात काकासाहेबही काही संत नाहीत. सरितेच्या दुःखावर त्यांच्याकडं जुनीच समजूत आहे. आणि नाटकातला सगळ्यात मोठा शोध पत्रकाराला लागतच नाही. तो कमलाला लागतो. तुला केवढ्याला घेतलं, असं ती सरितेलाच सहज विचारते.

गेल्या उन्हाळ्यात नायगावजवळच्या एका वस्तीवर बोअरच्या पाण्याचे नमुने घेत होतो. संमतीपत्र इंग्रजीत होतं. एका आजीनं अंगठा दिला आणि विचारलं, "लेकरा, ह्या पाण्याचं काय निघालं ते आमाला कोन सांगंल?" माझ्या आराखड्यात त्यासाठी रकानाच नव्हता. नमुने तपासून झाले, तक्ते तयार झाले, गाईड खूश. निकालाचं पान मराठीत करून घेतलंय. रविवारी वस्तीवर जायचंय.