राजधानीत एक दिवस

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील कुटुंबे केवळ मौजेखातर हैदराबादेस क्वचितच जातात. आजारपण, परीक्षा, नाहीतर कचेरीतील काम, हेच बहुधा निमित्त. काम आटोपताच धास्तावल्या मनाने परत फिरावयाचे, अशी आपली रीत. मग बरोबर नेलेल्या मुलाच्या स्मरणात राजधानी म्हणजे औषधांचा वास एवढेच उरते. वास्तविक १९५६ साली व पुन्हा २०१४ साली आपले राज्य बदलले, पण राजधानी हैदराबादच राहिली. तेथे परक्यासारखे वावरण्याचे कारण नाही.

महामार्गाने हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. आगगाडी किनवट, मुदखेड असा महाराष्ट्रातून वळसा घेऊन निजामाबादमार्गे जाते. म्हणून घाई असल्यास बस बरी. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातील स्त्रियांना राज्य परिवहनाच्या पल्ले वेलुगु व एक्स्प्रेस गाड्यांत तिकीट पडत नाही. मात्र ओळखपत्र जवळ हवे. सिकंदराबादेस जुबिली बस स्थानकावर उतरल्यास रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याची गरज नाही. तेथून महात्मा गांधी बस स्थानकापर्यंत फेब्रुवारी २०२० पासून मेट्रो रेल्वे धावते.

मुक्काम करणे भाग पडल्यास नामपल्ली व सिकंदराबाद या रेल्वे स्थानकांजवळ लॉज पुष्कळ आहेत. खोली आधी पाहावी. करासह भाडे किती आणि खोली केव्हा सोडावयाची, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. दलालाच्या मागे जाऊ नये. रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या रात्री परतल्यास हा खर्चही वाचतो.

पहिल्या जेवणाला घरची शिदोरी उत्तम. पुढे इराणी हॉटेलातील चहा व उस्मानिया बिस्किट यांचा आस्वाद अवश्य घ्यावा. महानगरपालिकेने २०१४ साली पाच रुपयांत जेवण देण्याची योजना सुरू केली. अशा ठिकाणी रांगेत उभे राहण्यात कमीपणा मानू नये.

महात्मा गांधी बस स्थानकापासून मुसी नदीपलीकडचे सालारजंग वस्तुसंग्रहालय जवळच आहे. शुक्रवारी ते बंद असते. तेथील संगीत घड्याळात दर तासाला एक छोटी आकृती बाहेर येऊन टोले देते. बाराचे टोले पाहावयास आबालवृद्धांची गर्दी होते. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराने १८७६ साली घडविलेली बुरख्यातील रिबेकाही येथेच आहे. इसहाकाला दुरून पाहताच तिने बुरखा घेतला, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा आपल्या मुलांना ठाऊकच आहे. संगमरवराच्या झिरझिरीत बुरख्यातून तिचा चेहरा कसा दिसतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे.

तेथून पुढे गेले की १५९१ साली उभारलेला चारमिनार. भोवतालच्या बाजारात कान देऊन ऐका. हैदराबादी माणूस नकार देताना ‘नक्को’ म्हणतो, तो शब्द आपल्या मराठीतूनच तेथील दखनी बोलीत गेला आहे. ज्या नगराने आपला शब्द इतकी शतके जपला, तेथे मान खाली घालून का चालावे? पुढच्या खेपेस काम आटोपल्यावर एक प्रहर राखून ठेवा आणि मुलांचे बोट धरून हे सारे त्यांना दाखवा.