थंडींत केळीच्या बागेचें रक्षण

केळ ही मूळची उष्ण व दमट प्रदेशांतील. शिरड शहापूर परिसरांत तिची खरी कसोटी लागते ती मार्गशीर्ष-पौषांत, पारा १० अंशांखालीं उतरतो तेव्हां. साधारण १६ अंशांखालीं वाढ मंदावते. १२ अंशांखालीं पानें पिवळीं पडतात, पोंगा उलगडत नाहीं व घड गळ्यांत अडकतो. वर्षाची कमाई अशा चार-आठ रात्रींत जाते.

पहिला उपाय लागणीच्या वेळींच करावयाचा असतो. फाल्गुन-चैत्रांत लावलेली बाग आठ-नऊ महिन्यांनीं ऐन थंडींत निसवते. मृगबाग माघ-फाल्गुनांत, म्हणजे थंडी ओसरतांना निसवते. म्हणून ती अधिक निर्धोक.

दुसरा उपाय पाण्याचा. विहिरीचें पाणी पहाटेच्या हवेहून उबदार असतें. कालव्याचें उघडें पाणी तितकें नसतें. म्हणून कडाक्याच्या रात्रीं विहिरीचें पाणी द्यावें. ओली जमीन दिवसाची ऊबही अधिक सांठविते.

तिसरा उपाय आडोशाचा. उत्तरेस व पूर्वेस शेवरीची दाट ओळ लागणीबरोबरच लावावी. पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करावा. मात्र केवळ धुरावर विसंबूं नये. घड वाळलेल्या पानांनीं झांकावा. निरोगी हिरवीं पानें कापूं नयेत. करप्यानें ग्रासलेलीं तेवढीं काढून बागेबाहेर जाळावींत.

ह्यांपैकीं लागणीचा महिना निवडण्यास एक पैसाही पडत नाहीं. आणि तोच चुकला तर पुढील सर्व खर्च दुप्पट होतो.