एका खाणकामगारामागे १८ कोटी!

चार हजार कोटी युरो! आपले कोळशाचे पट्टे पुन्हा उभे करण्यासाठी जर्मनीने २०२० साली कायदा करून बाजूला काढलेली ही रक्कम. मुदत २०३८ची, कारण तोपर्यंत देशात कोळशावरची वीज बंद करायची आहे. एका युरोचे ९० रुपये धरा. झाले ३ लाख ६० हजार कोटी रुपये.

शून्यं मोजता मोजता डोळे फिरले ना? मग पाचशेच्या नोटा करू. ७२० कोटी नोटा! एक नोट १५ सेंटिमीटर लांब. मुंबईपासून एकीपुढे एक मांडत चला. पुणं आलं? थांबू नका, मागे फिरा. अंतर १५० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन ३,६०० फेऱ्या होतील, तेव्हा कुठे नोटा संपतील. हीच रांग आभाळात सोडली तर चंद्रावर जाऊन परत येईल आणि पुन्हा चंद्राच्या वाटेला लागेल! अठरा वर्षांत वाटली तर रोजचे ५५ कोटी, रविवारीसुद्धा. सकाळचा चहा आणि पेपर होईतो एक कोटी खर्च.

एवढा पैसा का लागतो, ते पूर्वेकडच्या लाउझित्झमध्ये कळतं. १९८९च्या सुमारास इथल्या लिग्नाइटवर, म्हणजे तपकिरी कोळशावर, ८० हजार माणसं पोट भरत होती. कायदा झाला तेव्हा उरली होती आठेक हजार. ७२ हजार रोजगार गेले! गर्दीच्या वेळची बारा डब्यांची लोकल आठवा, पाच हजार माणसं कोंबलेली. अशा चौदा लोकल भरून माणसं उतरली आणि उद्यापासून कुणालाच काम नाही. त्याआधी खाणींनी शंभराहून अधिक गावं गिळली होती, ती वेगळीच.

लिख्टरफेल्ड गावाजवळ त्या काळातलं एक यंत्र अजून उभं आहे, एफ-६०. खाणीवरची माती उचलून पलीकडे टाकणारा लोखंडी पूल. लांबी ५०२ मीटर, म्हणजे आपल्या एक्सप्रेसचे एकवीस डबे. वजन ११ हजार टन. एसटी दहा टनांची धरली तर ११०० एसट्या! वर्षभर चाललं-न चाललं तोच १९९२ मध्ये ते थांबलं. लोकांनी ते भंगारात जाऊ दिलं नाही. आज त्यावर चढायला पर्यटक तिकीट काढतात.

आणि ते प्रचंड खड्डे? त्यांत पाणी सोडलं! कोटबुस शहराजवळच्या खाणीत २०१९ पासून स्प्रे नदीचं पाणी वळवलं. तळं १९ चौरस किलोमीटरचं, त्यात सुमारे १५ कोटी घनमीटर पाणी. आपल्या भाषेत पाच टीएमसीच्या वर, अडीच खडकवासले सहज! सहा मीटर रुंद आणि बारा मीटर खोल विहीर धरली, तर काठोकाठ भरलेल्या चार लाखांहून जास्त विहिरी. एका खाणीच्या जागी!

त्याच कोटबुसमध्ये जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेचा नवा कारखाना सुरू झाला. ३७४ मीटर लांबीची ‘आयसीई’ ही वेगवान गाडी डबे न सोडवता अख्खी आत घ्यायची आणि दुरुस्त करायची. १,२०० नोकऱ्यांचं उद्दिष्ट. त्याच वर्षी तिथे सरकारी वैद्यकीय विद्यापीठही निघालं. कोळशातलं काम गेलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या पुढच्या कामगारांना पेन्शन लागेपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं, भत्ता मिळतो. तो पैसा या चार हजार कोटींच्या बाहेरचा!

आता सगळ्यात मोठा हिशेब. कायदा झाला तेव्हा देशभरातल्या लिग्नाइटच्या खाणी आणि त्यांची वीजकेंद्रं मिळून सुमारे २० हजार माणसं कामाला होती. ३ लाख ६० हजार कोटींना वीस हजारांनी भागा. एका कामगारामागे १८ कोटी रुपये! हे पैसे त्याच्या हातात पडत नाहीत. ते रूळ, रस्ते, प्रयोगशाळा आणि कॉलेजांत जातात. माझ्या मते तेच बरोबर आहे, कारण खाण बंद झाली की कामगारापाठोपाठ किराणावाला, शाळा आणि बसथांबाही उठतो.

चंद्रपूर, वणी, उमरेडचा कोळसाही कायमचा नाही. तिकडच्या वाचकांनी आपल्या आमदार-खासदारांना आजच विचारावं: आमच्यासाठी आकडा किती धरलाय, आणि कोणत्या सालापर्यंत?